कोल्हापूरच्या वाटेवर गाडी लावायची कुठे?

प्रिय ताई,

आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. गेल्या वर्षी इलेक्ट्रिक गाडी घेतली, ४० युनिट बॅटरीची नेक्सॉन. पुण्यात काहीच त्रास नाही, पण नणंद कोल्हापूरला असते आणि दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही चौघं तिकडे जातो. गाडी बहुतेक मीच चालवते. सासऱ्यांना मधुमेह आहे, जेवणाआधी गोळी असते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, कमोड नसेल तर त्यांची पंचाईत होते.

मागच्या खेपेला बॅटरी वीस टक्क्यांखाली आली, म्हणून अॅपने दाखवलेल्या चार्जरवर गेलो. पेट्रोल पंपाच्या मागे एकच मशीन. सावली नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. आधीची गाडी निघून आमची होईपर्यंत दीड तास गेला. बाबांनी गोळी घेतलेली होती, जेवण लांबलं, त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. पर्समधल्या बिस्किटांवर निभावलं. तेव्हापासून घरात एकच सूर आहे, पुढच्या वेळी डिझेल गाडी भाड्याने करू. मला ते नको आहे. खाणं आणि चार्जिंग दोन्ही नीट होईल अशी जागा ओळखायची कशी? एक-दोन नावं सांगितलीत तर फार बरं. आणि सासूबाईंनी मुद्दाम विचारायला सांगितलंय: घरचा डबा नेला तर हॉटेलच्या आवारातला चार्जर वापरू देतात का?

– एक सून, सिंहगड रस्ता

प्रिय सूनबाई,

आधी बाबांचं. घाम आणि थरथर ही साखर उतरल्याची लक्षणं. काही गोळ्या अशा असतात की त्या पोटात गेल्या की वेळेवर जेवण जावंच लागतं. घरी ते आपोआप होतं, कारण गोळी घेईपर्यंत स्वयंपाकघरात कुकर उतरलेला असतो. रस्त्यावर तसं नसतं. प्रवासाच्या दिवशी गोळी कधी घ्यायची हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. बहुतेक जण सांगतील की ताट समोर आलं की घ्या, पण ते त्यांच्याच तोंडून ऐकलेलं बरं. ग्लुकोजची पुडी किंवा खडीसाखर डिकीतल्या बॅगेत ठेवू नका, बाबांच्या शर्टाच्या खिशात असू द्या.

आता गाडी. तुमचं पत्र वाचताना एक वाक्य खटकलं: बॅटरी वीस टक्क्यांखाली आली, म्हणून गेलो. सगळी रड तिथेच आहे. वीस टक्क्यांवर आलेल्या माणसाला निवड उरत नाही. समोर येईल ते मशीन, असेल तेवढी रांग, नसेल ती सावली, सगळं निमूट सोसावं लागतं. त्यामुळे माझा सल्ला जरा उलटा वाटेल: गाडीला गरज नसताना थांबा. चाळीस-पन्नास टक्के हातात असताना एखाद्या ठिकाणी शिरलात आणि तिथलं स्वच्छतागृह घाण निघालं, मशीन बंद निघालं, स्वयंपाकघरातून जळक्या तेलाचा वास आला, तर शांतपणे गाडी वळवून पुढे निघता येतं. चांगली जागा ओळखण्याचं अर्धं कसब म्हणजे वाईट जागा नाकारता येणं.

तुमच्याच रस्त्याचा हिशेब मांडू. सिंहगड रस्त्यावरून कोल्हापूर साधारण २३५ किलोमीटर. तुमची गाडी चार माणसं, एसी आणि ८०-९० चा वेग धरला तर शंभर किलोमीटरला १५ युनिटच्या आसपास खाते. म्हणजे अख्ख्या प्रवासाला ३५ युनिट. बॅटरी ४० ची. कागदावर पोचता, पण जेमतेम दहा-बारा टक्क्यांवर, आणि तेही कुठे वळसा पडला नाही, शंभरच्या पुढे काटा गेला नाही तर. वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, त्यामुळे ९० वरून ११० ला गेल्यावर वाचलेली मिनिटं चार्जरवर परत द्यावी लागतात. बहुतेक लोक इथेच फसतात. ‘पोचेल बहुतेक’ म्हणून पुढे पुढे जात राहतात आणि किणी टोलच्या अलीकडे घाम फुटतो.

त्याऐवजी असं करा. शंभर टक्क्यांनी निघा. पहिला थांबा खेड शिवापूर ते शिरवळ या पट्ट्यात, फक्त चहा आणि पाय मोकळे करण्यासाठी. तिथे चार्जिंगला लावूच नका. पन्नास किलोमीटरला जेमतेम वीस टक्के खर्च झालेले असतात, आणि ऐंशीच्या वर बॅटरी मुद्दाम हळू भरते. तिच्या आयुष्यासाठी गाडीच तशी आज्ञा देते, मशीन कितीही दांडगं असो. अर्धा तास उभं राहून पदरात फारसं पडत नाही आणि ज्याला खरंच गरज आहे त्याची जागा मात्र अडते.

मुख्य थांबा सातारा ते कऱ्हाड या पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात ठेवा. नऊच्या सुमाराला निघालात, तर नवले पूल आणि खेड शिवापूरचा टोल धरूनही साडेबारा-एकला कऱ्हाडच्या आसपास असता, म्हणजे बाबांच्या जेवणाच्या वेळेला. गाडीत तेव्हा चाळीस टक्क्यांच्या आसपास असणार. इथून कोल्हापूर पंचाहत्तर किलोमीटर, त्याला अकरा-बारा युनिट लागतात आणि तुमच्याकडे सोळा आहेत. चार्जर सपशेल बंद असला तरी तुम्ही पोचता. आणि चालू असला तर तुमची गाडी फास्ट चार्जरवर तासाला सुमारे तीस युनिटच्या गतीने घेते. वीस मिनिटांत दहा युनिट, म्हणजे पंचवीस टक्के. तेवढं पुरे. चौघांचं जेवण, हात धुणं, बडीशेप होईपर्यंत पाऊण तास सहज जातो. थोडक्यात, गाडीसाठी तुम्हाला थांबावं लागणार नाही, तुमचं जेवण उरकायच्या आत तिचं झालेलं असेल. उलट एकाला मध्येच उठून गाडी बाजूला घ्यावी लागेल. ते काम नवऱ्यावर सोपवा, तुम्ही जेवा.

डिझेल गाडीवाल्या मंडळींना हे गणित मांडून दाखवा. जेवायला थांबायचंच होतं, तेवढ्यातच चार्जिंग झालं. जास्तीचा वेळ शून्य.

आता जागा पारखायची कशी. राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरवर चार्जिंग हवं असं म्हटलंय. नकाशावर ठिपके त्यामुळे भरपूर दिसतात. पण ठिपका म्हणजे चालू मशीन नव्हे. निघायच्या आदल्या संध्याकाळी प्लगशेअर या चार्जर शोधायच्या अॅपवर त्या पट्ट्यातले तीन-चार चार्जर उघडा आणि फक्त एक गोष्ट बघा: शेवटची यशस्वी नोंद कधीची आहे. पाच चांदण्या दोन वर्षांपूर्वीच्या असतील तर त्यांचा उपयोग नाही. कालची ‘चालू आहे, थोडं हळू’ ही नोंद सोन्यासारखी. एकाच मशीनच्या जागेपेक्षा दोन-तीन मशीन असलेली जागा नेहमी वरचढ, मग तिथला डोसा जरा बेताचा का असेना.

मग हॉटेलला फोन करा. फोनवर ‘चार्जर चालू आहे का’ असं विचारू नका, उत्तर कायम ‘हो हो, या ना’ असंच येतं. विचारायचं, ‘दादा, आज सकाळपासून कुठली गाडी लागली होती का?’ मग गल्ल्यावरचा माणूस दाराकडे मान वळवून पोराला हाक मारतो, ‘अरे, ती गन चालतीय का रे?’ (गन म्हणजे गाडीला लावायचा चार्जरचा प्लग) आणि खरी बातमी कळते. त्याच फोनवर कमोडचंही विचारून घ्या. लाजायचं कारण नाही. ‘आई आहेत, गुडघ्याचा त्रास आहे’ म्हटलं की लोक नीट सांगतात.

चार्जर कुठल्या बाजूला आहे हे मात्र नकाशा मोठा करून स्वतः बघा. आपला महामार्ग दुभाजकाचा. पलीकडच्या बाजूचा चार्जर डोळ्यांसमोर दिसतो, पण तिथे पोचायला पुढच्या भुयारी मार्गापर्यंत जाऊन परत यावं लागतं. त्यात शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे सेवा रस्ते आणि वळणं बदलत असतात. सहा महिन्यांपूर्वी सरळ आत शिरता येणारं हॉटेल आज डायव्हर्जनच्या पलीकडे गेलेलं असू शकतं. जातानाची जागा आणि येतानाची जागा वेगळी लिहून ठेवा.

आणखी एक पुणेरी अनुभव. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे तुम्हाला पाठ असेल. तिकडच्या गावांचे वार वेगळे असतात. हॉटेलचे दिवे आणि पंखे जनरेटरवर चालू राहतात, पण चार्जर बहुधा त्या जनरेटरवर नसतो. आत सगळं झगझगीत आणि बाहेर मशीन मेलेलं, असं चित्र दिसलं तर मशीनला दोष देऊ नका, वीज कधी येणार ते विचारा.

मशीनसमोर उभं राहिल्यावरच्या दोन-तीन गोष्टी. पाटीवर ६० किलोवॅट लिहिलेलं असलं तरी दोन गनवर दोन गाड्या लागल्या की बहुतेक मशीन ते निम्मं-निम्मं वाटतात. तुमच्या गाडीला तीस पुरतात, त्यामुळे शेजारी कुणी असलं तरी तुमचं फारसं बिघडत नाही. महागड्या गाडीवाला शेजारी मात्र तोंड वाकडं करेल, करू द्या. मशीन लाल दिवा दाखवून ‘इमर्जन्सी’ म्हणत असेल, तर बऱ्याचदा कुणीतरी जाता जाता ते मोठं लाल बटण दाबलेलं असतं. मशीनवरच्या हेल्पलाइनला फोन लावा, ते बटण फिरवून वर घ्यायला सांगतात आणि पुढचं तिकडून सुरू करून देतात. दोन-तीन कंपन्यांची अॅप घरच्या वायफायवर आधीच उतरवून, त्यात दोन-तीनशे रुपये टाकून ठेवा. टाटा पॉवर, स्टॅटिक, चार्जझोन, महावितरणचं पॉवरअप, ज्यांची मशीन तुमच्या पट्ट्यात दिसतील ती. ऐन वेळी रेंज जाते, ओटीपी येत नाही, आणि मागच्या सीटवरून ‘काय झालं गं?’ सुरू होतं. दर जागेनुसार बदलतो, फास्ट चार्जिंगला करासकट युनिटमागे साधारण १८ ते २५ रुपये धरा. डॅशबोर्डवर तुमचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मागचा माणूस हॉर्न वाजवण्याऐवजी फोन करतो.

खाण्याबद्दल मी जरा हट्टी आहे. हायवेवर मेनू कार्ड जितकं जाड, तितका फ्रीज जुना. जिथे तीन-चारच पदार्थ आहेत आणि तवा थंड होत नाही, तिथे पोट सुखरूप राहतं. वडे तळून डोंगर रचलेला असेल तर पुढचा घाणा निघेपर्यंत थांबा, नाहीतर सोडून द्या. कढईतलं तेल काळपट आणि फेसाळ दिसलं की तिथून निघायचं. उन्हाळ्यात ओल्या खोबऱ्याच्या चटणीच्या वाटेला जाऊ नका, दुपारपर्यंत ती आंबते. बाबांसाठी पिठलं-भाकरी, झुणका, भाजी-भाकरी, काकडी-कांदा असं मिळणारी ठिकाणं या रस्त्यावर मुबलक आहेत, आणि ज्वारीची भाकरी त्यांना मैद्याच्या नानपेक्षा केव्हाही बरी. मिसळीचा मोह कोल्हापूरला पोचल्यावर भागवा. गाडी चालवणाऱ्या बाईने जेवणानंतर डोळे मिटतील इतका तर्रीपाव खाऊ नये, हे माझं मत, रागवायचं नाही. साताऱ्याजवळ कंदी पेढ्यांच्या पाट्या दिसायला लागल्या की बाबांशी काहीतरी महत्त्वाचं बोलायला काढा.

ऑर्डर द्यायच्या आधी एक जण स्वच्छतागृह बघून यायचं. हा नियम मोडायचा नाही. नळाला पाणी आहे का, कमोडची सीट जागेवर आहे का, कडी लागते का, फरशी निसरडी आहे का, आणि सासूबाईंना धरायला काही आहे का. पार्किंगपासून तिथवर किती पायऱ्या आहेत हेही बघा. चार्जर बऱ्याचदा आवाराच्या पार टोकाला खडीवर बसवलेला असतो. अशा वेळी आधी दोघांना दारात उतरवा आणि मग गाडी न्या. स्वच्छतागृह पसंत नसेल तर जेवण कितीही छान असो, पुढे चला. जे हॉटेल संडास स्वच्छ ठेवतं त्याचं स्वयंपाकघरही बहुधा बरं असतं, आणि उलट मात्र मला तरी फारसं कुठे दिसलेलं नाही.

तुम्ही नावं मागितलीत. ती मी देणार नाही. हायवेवरची हॉटेलं हात बदलतात, आचारी जातो, मशीन महिनाभर बंद पडतं, आणि मग तुम्ही माझ्या भरवशावर बाबांना घेऊन तिथे उभ्या. त्याऐवजी तुमची स्वतःची यादी करा. प्रत्येक बाजूला दोन पसंतीच्या जागा आणि त्यांच्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत एक राखीव, एवढं पुरतं. दर खेपेला शेजारी दोन शब्द लिहा: ‘कमोड आहे’, ‘दुपारी सावली’, ‘भाकरी गरम’.

आता खरी मोठी सोय, जिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत: नणंदेचं घर. तिथे गीझरचा किंवा एसीचा पंधरा अँपिअरचा पॉइंट असेल आणि गाडी जवळ उभी राहत असेल, तर गाडीसोबत आलेल्या चार्जरवर तासाला तीनेक युनिट मिळतात. रात्री नऊला लावली की सकाळी सातपर्यंत तीस युनिट, म्हणजे तीन-चतुर्थांश बॅटरी. हे जमलं तर परतीची चिंताच मिटली. मात्र आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग आणि वायर तपासून घ्या. दहा तास सलग तेवढा भार जुन्या वायरिंगला झेपेलच असं नाही. अर्थिंग नसेल तर गाडीचा चार्जर बहुधा स्वतःच लाल दिवा लावून अडून बसतो. त्याला फसवायच्या युक्त्या कुणी भाचा सांगेल, ऐकू नका. आणि पावसात उघड्यावर एक्स्टेन्शन बोर्ड ओढून तर मुळीच नाही. फास्ट चार्जरवर पावसात गाडी लावायला हरकत नसते, ती यंत्रणा त्यासाठीच बनवलेली आहे. घरगुती बोर्डाचं तसं नाही.

रविवारी संध्याकाळी परतताना वेगळा हिशेब. अख्खं पुणे त्याच वेळी घरी निघालेलं असतं. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर शिरवळ, खेड शिवापूर या शेवटच्या पट्ट्यात चार्जरवर रांगा लागतात, आणि वाहतूक कोंडीत बाबांची रात्रीची गोळी पुन्हा अडकते. म्हणून येताना थांबा कऱ्हाड-साताऱ्याकडेच उरकून घ्या, पाचच्या चहाला. शक्य असेल तर रविवारी सकाळीच निघा, दुपारी घरचा वरणभात.

टोलचा गैरसमज राहू नये म्हणून सांगते. राज्याच्या धोरणातली ई-गाड्यांची पूर्ण टोलमाफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूसाठी आहे. तुमच्या वाटेवर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे नाके लागतात आणि ते त्या यादीत नाहीत. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. मुंबईला गेलात तर एवढंच लक्षात असू द्या की परत येताना खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरच्या वर चढ आहे. तेवढं वर चढायला भरल्या गाडीला सपाट रस्त्यापेक्षा सुमारे तीन-साडेतीन युनिट जास्त लागतात, म्हणजे आठ-नऊ टक्के. घाटाखाली पंधरा टक्के शिल्लक आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. उतरताना त्यातलं बरंचसं परत मिळतं, पण बॅटरी गच्च भरलेली असेल तर भरायला जागाच नसते आणि मग सगळा भार ब्रेकवर पडतो. लोणावळ्यात मुक्काम असेल तर उतरण्याआधी शंभर टक्के करायचा हट्ट धरू नका.

आता सासूबाईंचा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला. चार्जर बहुतेक वेळा हॉटेलचा नसतो, वेगळ्या कंपनीचा असतो आणि विजेचे पैसे तुम्ही अॅपवर देताच. त्यामुळे डबा आणला म्हणून कुणी गन हिसकावून घेत नाही. टेबलाचं मात्र वेगळं असतं. गर्दीच्या वेळी दुसऱ्याच्या टेबलावर स्वतःचा डबा उघडला की वेटर येऊन उभा राहतो, आणि त्याचं चुकत नाही. गाडी चार्ज होताना आत बसायला हरकत नसते, एसीही चालू ठेवता येतो, तेव्हा बाबांचा डबा गाडीतच उघडा. दशमी, थालीपीठ, फोडणीची पोळी, सोबत कोरडी लसणाची चटणी. दही नको, सांडतं. मग दोघांना आत नेऊन चार चहा सांगा. बाबांचा बिनसाखरेचा. आणि गल्ल्यावर एवढं विचारा, ‘आई डब्यातलं थोडं खाणार आहेत, चालेल ना?’ कऱ्हाडकडचा माणूस बहुतेक वेळा स्वतःच ताटली आणि कांदा आणून देतो.